बायोडेटातील ती एक ओळ

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी २८ वर्षांची आहे. मूळ गाव कऱ्हाड, सध्या पुण्यात राहते. उपयोजित कलेची पदवी घेतल्यानंतर गेली पाच वर्षे मी देवनागरी फॉन्ट तयार करण्याचे काम करते. पहिली तीन वर्षे एका लहान स्टुडिओत नोकरी केली, आता दोन वर्षे स्वतंत्रपणे कामे घेते. एखाद्या महिन्यात दीड लाख रुपये येतात आणि मग दोन-तीन महिने काहीच येत नाही, पण वर्षाचा हिशेब केला तर माझे नीट भागते. बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांनी माझ्या शिक्षणाला कधी विरोध केला नाही. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून शुल्क भरले. परंतु मी नेमके काय करते हे त्यांना आजही सांगता येत नाही. 'अक्षरे तर आधीपासून आहेतच, मग तू नवीन काय करतेस?' हा प्रश्न मी किमान वीस वेळा ऐकला आहे. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी माझ्या लग्नासाठी बायोडेटा तयार केला आणि त्यात 'नोकरी : आयटी कंपनी, पुणे' असे लिहिले. मला फार लागले, पण मी काही बोलले नाही. आई म्हणते, 'तू खूश आहेस ना, मग झाले.' माझ्या पहिल्या फॉन्टचा छापील नमुना मी तिला हौसेने दिला होता. दिवाळीत घरी गेले तेव्हा तो तिच्या कपाटात साड्यांच्या घड्यांखाली, अगदी तळाशी पडलेला दिसला. पुढच्या महिन्यात एका स्थळाकडचे लोक घरी येणार आहेत. आपल्या मुलांचे असे काम आईवडिलांना कधी कळते का? की मी ही अपेक्षाच सोडून द्यावी?"
एक वाचक, पुणे

उत्तर:

तुमचे पत्र मी दोन वेळा वाचले. पहिल्या वाचनात ते आईवडिलांविषयी आहे असे वाटले, दुसऱ्या वाचनात ते एका ओळीविषयी आहे असे वाटले. 'अक्षरे तर आधीपासून आहेतच' या वाक्यावर तुम्ही पाच वर्षे चिडत आला असाल, मैत्रिणींना ते सांगून हसतही असाल, पण त्यासाठी तुम्ही पत्र लिहायला बसला नाहीत. तुम्हाला पत्र लिहायला बसवले ते 'नोकरी : आयटी कंपनी' या शब्दांनी. म्हणून तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी या दोन गोष्टी मला वेगळ्या कराव्याशा वाटतात. वडिलांना तुमचे काम कळत नाही, ही एक. आणि ते काम चारचौघांत सांगताना त्यांना भीती वाटते, ही दुसरी. पहिलीवर रागावण्यासारखे फारसे काही नाही. दुसरीवर आहे, आणि तिच्यावर इलाजही आहे.

पहिलीपासून सुरुवात करते. वडिलांचा तो प्रश्न तुम्ही टोमणा म्हणून ऐकलात, मला मात्र तो अतिशय रास्त वाटतो. ज्याला कुतूहल नसते तो एखादी गोष्ट वीस वेळा विचारत नाही. त्यांच्या पिढीने अक्षर पाहिले ते पाटीवर गिरवलेले, कचेरीच्या जुन्या दप्तरात मोडीत लिहिलेले, टंकलेखन यंत्रावर उमटलेले आणि वर्तमानपत्रात छापलेले. हाताने लिहिलेल्या अक्षरामागे लिहिणारा असतो हे कोणालाही सांगावे लागत नाही. छापलेल्या अक्षरामागेही कोणी तरी करणारा असतो, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगितलेच नाही. ज्यांच्या देवघरात निर्णयसागर छापखान्याची जुनी पोथी आहे त्यांना छापखान्याचे नाव पाठ असते, क्वचित जावजी दादाजी हे संस्थापकाचे नावही ठाऊक असते. परंतु त्या सुबक टाइपामागे ज्यांचा हात होता त्या राणोजी रावजी आरू यांचे नाव किती घरांत निघते? कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरे दोन-तीन पिढ्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली आणि नुसत्या अक्षरांच्या वळणावरून नाटक ओळखले. तरीही २०२० साली ते गेले तेव्हा 'म्हणजे ती अक्षरे कोणी तरी काढत होते होय!' असे म्हणणारी चांगली नाट्यवेडी माणसे मला भेटली. तेव्हा हे अज्ञान तुमच्या वडिलांचे एकट्याचे नाही. शिवाय वाचणाऱ्याचे लक्ष मजकुरावर राहावे, अक्षरावर अडू नये, हीच तुमच्या व्यवसायाची कसोटी आहे ना? जे काम चांगले झाले की दिसेनासे होते ते घरच्यांना दिसत नाही, अशी तक्रार जरा सबुरीनेच करावी लागते.

मराठी मध्यमवर्गाचा चित्रकलेशी एक जुना, न लिहिलेला करार आहे, आणि तोही येथे लक्षात घ्यायला हवा. शाळेत असताना मुलाने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा द्याव्यात, कला संचालनालयाचे प्रमाणपत्र आणावे, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळवावेत, दिवाळीला अंगणात रांगोळी आणि दारावर शुभेच्छांचा फलक काढावा, येथपर्यंत सर्व घर कौतुकाने पाहते. दहावीचा निकाल लागला की त्याच रंगपेटीकडे पाहून घरात काळजीचे सुस्कारे ऐकू येऊ लागतात. तुमच्या वडिलांनी हा करार मोडून तुम्हाला पुढे जाऊ दिले. सरकारी नोकराच्या घरात भविष्य निर्वाह निधीला हात लावणे म्हणजे काय असते, हे त्याच घरात वाढलेल्या मुलीला मी सांगायला नको. तो पैसा घरासाठी, आजारपणासाठी, लग्नकार्यासाठी राखलेला असतो. ज्या विषयाचे नावही धड उच्चारता येत नव्हते त्या विषयासाठी त्यांनी तो काढला. तुम्ही पत्रात हे एका वाक्यात सांगून पुढे गेलात. मी तेथे बराच वेळ थांबले.

आता एक अवघड प्रश्न विचारते. तुमच्या पत्रात स्वतःच्या कामाविषयी पुष्कळ आहे, आणि ते स्वाभाविक आहे. वडिलांच्या कामाविषयी मात्र 'भूकरमापक होते' एवढेच आहे. त्यांचे काम तुम्हाला कितपत ठाऊक आहे? टिपण म्हणजे काय, फाळणी नकाशा कशाला म्हणतात, मोजणीनंतर अर्जदाराच्या हाती पडते ती 'क' प्रत कशी तयार होते, हे त्यांनी कधी सांगितले आहे का, किंवा तुम्ही कधी विचारले आहे का? त्यांची उमेदीची वर्षे बहुधा मोजणीची ३३ फुटांची शंकू साखळी आणि शेतातच नकाशा काढण्याचे प्लेन टेबल घेऊन शेताशेतांतून फिरण्यात गेली असतील. उपग्रहाच्या साहाय्याने होणारी मोजणी त्यांच्या नोकरीच्या अखेरीस आली असेल. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, या हिशेबात वीतभर जागेसाठी दोन भाऊ कोर्टात जातात. त्या दोघांच्या मध्ये उभे राहून, दोघांच्याही शिव्या खाऊन, हद्दीची खूण नेमकी कोठे पडते हे कागदावर बारीक रेघेने दाखवायचे, हे तुमच्या वडिलांचे काम होते. रेघ जाड झाली तर जमिनीवर ती हातभर सरकते. तुमच्या कामात एका अक्षराची शिरोरेषा केसभर वर गेली तर संपूर्ण ओळीत फट दिसते. ही तुलना मी येथेच थांबवते, कारण ती मला फारच आवडू लागली आहे, आणि सल्ला देणारीला आपलीच तुलना आवडू लागली की वाचकाचा प्रश्न बाजूला पडतो. एवढेच म्हणते की रेघेविषयी बोलण्यासाठी तुमच्या घरात तुमच्याइतकाच अधिकारी असा आणखी एक माणूस आहे, आणि तुम्ही दोघे इतकी वर्षे 'कंप्युटर' या शब्दावर अडून बसला आहात.

'नवीन काय करतेस?' याचे उत्तर तुम्ही आजवर कसे दिलेत, हे पत्रात नाही. माझा अंदाज असा की तुम्ही ते तुमच्या धंद्याच्या भाषेत दिले असणार: वजने (म्हणजे अक्षराच्या रेघेची कमी-जास्त जाडी), आकृत्या, संगणकीय नियम, आणि अर्ध्या वाटेत वडिलांचे लक्ष बातम्यांकडे गेले असणार. ते उत्तर त्यांच्या गावापासून सुरू करून पाहा. वर्तमानपत्रे कधी 'कराड' छापतात, कधी 'कऱ्हाड'. या दुसऱ्या रूपातील अर्धा र मराठीला लागतोच. 'आचार्याला' बोलावले तर गुरुजी येतात आणि 'आचाऱ्याला' बोलावले तर स्वयंपाकी येतो. लग्नघरात दोघेही लागतात, पण एकाचे काम दुसऱ्याला सांगून चालत नाही. संगणकाच्या युनिकोड या सर्वमान्य व्यवस्थेत या र साठी वेगळी जागा राखलेली आहे, मात्र जागा असली म्हणजे आकार आपोआप येतो असे नाही. फॉन्ट करणाऱ्याने मराठीचा विचार केला नसेल तर हा र पडद्यावर तुटतो, मोडक्या पायाने उभा राहतो किंवा त्याचा रफार होतो. वडिलांच्या मोबाइलवर वेगवेगळ्या फॉन्टमध्ये एकच शब्द लिहून त्यांच्यापुढे ठेवा: कऱ्हाड. कोणता बरोबर, कोणता चुकीचा, हे ते चष्मा पुसून तुम्हाला सांगतील. मग सांगा की यातला बरोबर दिसणारा कोणी तरी बसून काढला आहे, आणि पुण्यात बसून तुम्ही तेच करता.

याने भागले नाही तर माझ्याकडे आणखी एक पुरावा आहे, आणि सरकारी नोकराला शासन निर्णयाइतकी पटणारी वस्तू दुसरी नसते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली. मराठीत ल पाकळीयुक्त असावा आणि श देठयुक्त असावा, हिंदीच्या वळणाचा असू नये, हे त्यात आले. अक्षरे आधीपासून होतीच, तर शासनाला हे ठरवत बसण्याचे कारण काय होते? आणि शासनाने ठरवले तरी तो ल प्रत्यक्ष काढून संगणकात बसवणार कोण? वडिलांच्या कचेरीत युनिकोडपूर्वीचे दिवस त्यांनी पाहिलेच असतील, जेव्हा एका संगणकावर टंकलेली मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसत असे आणि सगळे पुन्हा टंकावे लागे. महसुलाच्या कामाशी ज्यांचा आयुष्यभर संबंध आला त्यांना १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही ठाऊक असणार. तलाठ्याच्या हस्ताक्षराच्या जागी आज त्या उताऱ्यावर जी अक्षरे दिसतात ती कोणाच्या तरी कामाची आहेत, एवढे त्यांना दिसले तरी तुमचे निम्मे काम झाले.

एका मोहापासून मात्र दूर राहा. थोर माणसांची उदाहरणे देऊन वडिलांना जिंकण्याचा प्रयत्न करू नका. २०२५ साली सुलेखनकार अच्युत पालव यांना पद्मश्री मिळाली. ती बातमी तुम्ही उत्साहाने घरी पाठवली असेल तर 'छान, तुझे केव्हा?' असेही उत्तर आले असेल. मोठ्या नावामुळे आईवडिलांची काळजी कमी होत नाही, फक्त मापाची काठी लांब होते.

आता पैशांविषयी, कारण आयटी हा शब्द तेथूनच आला आहे. राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन मिळते. तुमचे वडील त्यांतले. ठरलेल्या तारखेला पगार, वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची वाट, जूनमध्ये हातात येणारा फॉर्म १६, आणि शेवटी निवृत्तिवेतन: नोकरी या शब्दाला त्यांच्या मनात हा आकार आहे. त्यांनी तुमच्या कामाला तो आकार लावून पाहिला आणि तो कोठेच बसला नाही, म्हणून त्यांनी जवळपास बसणारा शब्द उचलला. तुम्ही त्यांना दीड लाखांचा महिना अभिमानाने सांगितला असेल तर त्यांनी त्यापुढचे कोरडे महिनेच लक्षात ठेवले असणार. यात त्यांचे चुकते आहे असे मला वाटत नाही. स्वतंत्र कामात जोखीम असते, देयके रखडतात, हातातले गिऱ्हाईक सुटते. हे तुम्हीही मान्य करायला हवे, कारण तुम्ही जोखीम नाकारलीत की ती सांगत राहण्याचे काम त्यांच्याकडे जाते.

त्यांना हिशेब त्यांच्या पद्धतीने दाखवा. मागील दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे काढा, वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाला बाराने भागा आणि तो आकडा त्यांच्यापुढे ठेवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःला दरमहा १ तारखेला ठरावीक रक्कम पगार म्हणून द्यायला लागा. येणारे सर्व पैसे एका खात्यात आणि घरखर्चाचा पगार दुसऱ्या खात्यात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते नसेल तर उघडा. त्यात वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात, मुदत १५ वर्षांची असते, आणि 'निधी' हा शब्द ऐकून तुमच्या वडिलांच्या कपाळावरची एक तरी आठी नक्की जाईल. आरोग्य विमा नसेल तर तो या सर्वांच्या आधी घ्या. हे वडिलांच्या समाधानासाठी करा असे मी म्हणत नाही, २८ व्या वर्षी तुमच्यासाठीच ते करायचे आहे. त्यांचे समाधान त्याच खर्चात होते.

पैशांच्या बाबतीत ते आणखी एक विचारतील, त्याची तयारी असू द्या. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या समूहाने केलेला 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्ट सात वजनांत कोणालाही मोफत उतरवून घेता येतो. 'जे फुकट मिळते त्याचे पैसे तुला कोण देते?' असे त्यांनी विचारले तर गडबडून जाऊ नका. अनेकदा एखादी कंपनी किंवा संस्था करणाऱ्याला मेहनताना देऊन फॉन्ट तयार करवून घेते आणि मग तो सर्वांसाठी खुला करते. काही वेळा एखादा उद्योग केवळ स्वतःच्या वापरासाठी करवून घेतो. काही फॉन्टचे परवाने विकले जातात. तुमचे उत्पन्न यांपैकी कशातून किती येते हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. मुलांचे काम आईवडिलांना कळत नाही, या तक्रारीच्या तळाशी पुष्कळदा असे आढळते की पैसा कोण देतो आणि कशासाठी देतो, हे मुलांनी घरी कधी स्पष्ट सांगितलेलेच नसते. ते सांगणे त्यांना कलेला कमीपणा आणणारे वाटते.

आईकडे वळते. तिला तुम्ही तुमच्या पत्रात चार ओळी दिल्यात आणि त्याही तक्रारीच्या. 'तू खूश आहेस ना, मग झाले' हे वाक्य तुम्हाला उडवून लावल्यासारखे वाटले. असेलही. पण साड्यांच्या घड्यांखालचा तो नमुना तुम्ही ज्या अर्थाने वाचलात त्या अर्थाने तो मला वाचता येत नाही. आपल्या घरांत स्त्रियांच्या कपाटात साड्यांखाली तळाशी काय असते, ते आठवून पाहा. मुदत ठेवीच्या पावत्या असतात, मुलांच्या जन्मपत्रिका असतात, माहेरून आलेले एखादे जुने पत्र असते, घरच्या पुरुषांना न सांगता साठवलेल्या नोटा असतात. टाकून द्यायचे कागद रद्दीत जातात, आणि रद्दी घरात दुसरीकडे असते. मी खात्रीने काही सांगत नाही, मी तुमच्या आईला ओळखत नाही. पुढच्या खेपेला तिला विचारा, आणि विचारताना आवाजात फिर्याद असू देऊ नका. तुमच्या कामातले काही न कळताही तिने ते कोठे ठेवायचे हे ठरवले असण्याचा बराच संभव आहे.

माझ्या स्वतःच्या आईने, मी हे सदर लिहू लागले तेव्हा, पहिली काही वर्षे शेजारणींना 'ती पेपरात असते' एवढेच सांगितले. माझा प्रत्येक लेख ती वाचत असे, परंतु मी आमच्या घरातले काही लिहिलेले नाही ना, याची खात्री करण्यासाठी. लेख कसा झाला हे तिने मला कधीही सांगितले नाही. मला त्याचा त्रास होत असे. पुढे कामात बरोबरीने काम करणारी, खरपूस दोष काढणारी माणसे भेटली आणि त्रास कमी झाला, कारण जी दाद मी आईकडून मागत होते ती देण्यासाठी लागणारी पारख तिच्याजवळ नव्हती, आणि ती पारख ज्यांच्याजवळ होती त्यांच्याकडे मी मागितलीच नव्हती. तुमच्या फॉन्टच्या दोन वजनांतला फरक वडिलांना कदाचित कधीच दिसणार नाही. तो फरक पाहणारी माणसे तुम्हाला तुमच्या क्षेत्रात शोधावी लागतील. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे देते: कामाची बाहेरची रूपरेषा, म्हणजे तुम्ही काय बनवता, कोणासाठी, किती पैशांत, हे आईवडिलांना कळू शकते आणि ते सांगण्याची जबाबदारी तुमची आहे. कामाच्या आतला आनंद आणि आतली अडचण त्यांना कळेलच असे नाही, आणि त्यावर त्यांची परीक्षा घेऊ नये.

राहिली ती ओळ. तिच्याबाबत मी तुमच्या वडिलांची बाजू घेणार नाही. भीती समजून घेता येते, पण ती ओळ खोटी आहे आणि ती तुमच्या नावाखाली छापलेली आहे. स्थळाकडची माणसे चहाचा कप खाली ठेवण्याआधी विचारतील, 'कोणती कंपनी? पॅकेज किती?' त्या क्षणी एक तर वडिलांना दुसरे खोटे बोलावे लागेल किंवा तुम्हाला पाहुण्यांदेखत त्यांचे पहिले खोटे उघडे पाडावे लागेल. दोन्ही गोष्टी त्या माणसाच्या वाट्याला येऊ नयेत. तुमच्याकडेही थोडा दोष येतो. ती ओळ तुम्ही सहा महिन्यांपूर्वी पाहिलीत आणि गप्प राहिलात. लागले म्हणून गप्प राहिलात, असे तुम्ही लिहिता. मला वाटते की त्या शब्दाने तुमचीही थोडी सोय झाली, कारण नातेवाइकांना समजावत बसण्याचे काम टळले. मी चुकत असेन तर क्षमा करा.

पाहुणे येण्याची वाट न पाहता, शक्य तर समक्ष कऱ्हाडला जाऊन, वडिलांशी एकट्याशी बोला. संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर फिरायला जायची त्यांची सवय असेल तर तेथे बोला. शेजारी शेजारी चालताना बोलणे समोरासमोर बसून बोलण्याहून सोपे जाते. 'तुम्ही असे का लिहिलेत?' हा प्रश्न नको, त्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. एवढेच सांगा: "बाबा, बायोडेटातली नोकरीची ओळ मी बदलते आहे. लोकांनी विचारले तर काय सांगायचे, ते आपण आत्ताच ठरवू." दुसरे वाक्य पहिल्याहून महत्त्वाचे आहे. त्यांची खरी अडचण तीच आहे, की विचारणाऱ्याला द्यायला त्यांच्याजवळ एक धड वाक्य नाही. ते वाक्य तुम्ही त्यांना द्या आणि त्यांच्या तोंडून एकदा वदवून घ्या. 'मुलगी मराठी आणि हिंदीचे फॉन्ट तयार करते; मोबाइलवर आपण जी अक्षरे वाचतो ना, ती' हे वाक्य पुरेसे आहे आणि कोणाही काकांना कळण्यासारखे आहे. ते म्हणाले की अशाने स्थळे कमी येतील, तर मान्य करा की येतील. जी येणार नाहीत ती लग्नानंतर 'हे काम सोडून एखादी नोकरी बघ' असे सांगणारी होती, असे समजायला हरकत नाही. त्यांनी ऐकलेच नाही तरी ओळ बदला. बायोडेटा तुमचा आहे.

बदललेली ओळ अशी असावी असे मला वाटते. 'शिक्षण : बी.एफ.ए., उपयोजित कला. व्यवसाय : देवनागरी फॉन्टची रचना, स्वतंत्र, ५ वर्षांचा अनुभव.' खाली वार्षिक उत्पन्न, विवरणपत्रात आहे तेच. मूळ गावाच्या रकान्यात 'कऱ्हाड', अर्ध्या र सह. संपूर्ण बायोडेटा तुमच्याच फॉन्टमध्ये छापा, आणि छापण्याआधी त्याचे मुद्रितशोधन वडिलांकडून करून घ्या. जन्मवेळेत किंवा मामांच्या हुद्द्यात एखादी चूक मुद्दाम ठेवण्याची गरज पडणार नाही, ती असेलच, आणि ती त्यांनाच सापडेल.